ताबा मिळाला, पुढे काय?

(महिला सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे हे लेखी रूप.)

सकाळच्या सत्रात पोटगीवर बरीच चर्चा झाली. जेवणाच्या सुट्टीत एक बाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "ताई, पोटगीचं नंतर बघू. आधी माझ्या नातवाचा ताबा लेकीला मिळू दे. ताबा मिळाला की सुटलो." त्यांच्या या वाक्यापासूनच मी सुरुवात करते. सल्ला केंद्रात इतकी वर्षं काम करताना मला पुन्हापुन्हा दिसलेली गोष्ट ही, की ताबा मिळाला की कुणी सुटत नाही. खरं काम तिथून सुरू होतं आणि त्या कामाची तयारी आपण सहसा केलेलीच नसते.

'ताबा' हा शब्दच बघा. ताबा जमिनीचा असतो, गाळ्याचा असतो, जप्त केलेल्या मालाचा असतो. मुलाला तो शब्द लावला की दोन्ही बाजू आपोआप मालकीच्या भाषेत बोलायला लागतात. मूल म्हणजे आईबापांची मालमत्ता नाही आणि खेळणंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब यांच्या खटल्यात १९७३ सालीच सांगितलं. पण कोर्टाच्या पायऱ्यांवर आजही ऐकू येतं ते "मुलगा माझा" आणि "मुलगा आमच्या घराण्याचा" हेच.

आधी कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दलचे गैरसमज बायकांना घाबरवायला वापरले जातात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ सालचा. त्याच्या कलम ६ मध्ये अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक 'वडील आणि त्यांच्यानंतर आई' असं लिहिलं आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तेव्हा पालक म्हणून आईची सही चालेना. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ साली निकाल लागला, की 'त्यांच्यानंतर' याचा अर्थ वडील वारल्यावरच असा घ्यायचा नाही. वडील प्रत्यक्षात मुलाच्या जबाबदारीत नसतील तर त्यांच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरते. शब्द मात्र कायद्याच्या पुस्तकात तसेच राहिले.

त्याच कलमात पुढे म्हटलंय, की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. यातून गावोगाव एक अफवा तयार झाली आहे: "पाच वर्षं झाली की मुलगा बापाचा." माझ्याकडे आलेल्या एका बाईने मुलाचा पाचवा वाढदिवस साजराच केला नाही. वाढदिवस झाला की सासरचे येऊन घेऊन जातील, या भीतीने! तर हे पक्कं लक्षात ठेवा: पाचव्या वर्षी मूल आपोआप कुठेही जात नाही. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं, की मुलाचं हित सर्वांत महत्त्वाचं. पाचच्या आधीही तेच आणि पाचच्या नंतरही तेच. मुसलमान बहिणींच्या बाबतीत हनफी कायद्याप्रमाणे मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे असते; पण कोर्टात अर्ज गेला की १८९० सालच्या पालक व पाल्य कायद्याखाली तिथेही मुलाचं हित पाहिलं जातं.

म्हणजे सगळं येऊन थांबतं 'मुलाच्या हिता'वर. आणि हे हित कुणी कागदावर उतरवलेलं नसतं! कोर्ट ठरवतं मूल कुणाकडे राहील. पण ते दुसऱ्याला कधी भेटेल, दिवाळीला कुठे असेल, ताप आला तर कुणी कुणाला कळवायचं, शाळेच्या फॉर्मवर सही कुणाची, हे बहुतेक वेळा एका ओळीत गुंडाळलं जातं. आणि ती एक ओळ पुढची दहा वर्षं छळते.

माझी एक चूक

२०१६ सालची गोष्ट. मी नोकरीत नवीन नव्हते, तरी शहाणीही झालेली नव्हते. एका बालवाडी शिक्षिकेचा संमतीचा घटस्फोट चालला होता. मुलगा सहा वर्षांचा. मारहाण नव्हती, नवऱ्याचं दुसरीकडे मन गुंतलेलं होतं आणि तो ते लपवतही नव्हता. मूल आईकडे राहणार, यावर वाद नव्हता. वकिलांनी संमतीच्या अटींचा मसुदा केला. त्यात पोटगी, दागिने आणि भांड्यांची यादी मिळून दोन पानं होती. मुलाबद्दल एक ओळ होती: 'मुलाच्या वडिलांना महिन्यातून दोन वेळा सोयीनुसार मुलास भेटू देण्यात येईल.' तो मसुदा मी वाचला होता. स्टीलच्या डब्यांची संख्या बरोबर आहे ना, हे मी तपासलं. त्या एका ओळीवर मी मान डोलावली.

सोयीनुसार. कुणाच्या सोयीनुसार? पहिल्याच महिन्यात तो रात्री नऊला दारात उभा राहिला. मूल झोपलं होतं. ती म्हणाली, उद्या या. तो म्हणाला, कोर्टाने मला हक्क दिलाय. तिचा भाऊ मधे पडला आणि जिन्यात बाचाबाची झाली. पुढच्या महिन्यात तो आलाच नाही. मुलगा नवा शर्ट घालून खिडकीत बसून राहिला. मग दिवाळीत दोघांनाही मूल हवं होतं. प्रकरण पोलीस चौकीपर्यंत गेलं. आठ महिन्यांनी ती मुलाला घेऊन केंद्रात आली, तेव्हा तो अंथरुण ओलं करायला लागला होता आणि शाळेत बोलेनासा झाला होता. मी त्याला विचारलं, "पप्पा भेटले की काय करता रे तुम्ही?" तो म्हणाला, "पप्पा आले की भांडण येतं."

त्याला बाप नको होता असं नाही. त्याला भांडण नको होतं. आणि ते भांडण त्याच्या आयुष्यात यायला माझी मान डोलावणंही थोडं कारणीभूत होतं.

आम्ही पुन्हा बसलो. दोघांना वेगवेगळं भेटलो, मग एकत्र. पाच बैठका लागल्या. शेवटी दोन पानांचा कागद तयार झाला, दोघांनी सह्या केल्या आणि तो कोर्टात दाखल करून त्यावर आदेश घेतला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मुलांबाबतचा आदेश घटस्फोटानंतरही बदलून मागता येतो. मुलाबाबतचा कुठलाही आदेश शेवटचा नसतो, हेही लक्षात ठेवा.

अशा कागदाला मी पालकत्वाचा आराखडा म्हणते. विधी आयोगाने २०१५ सालच्या आपल्या २५७व्या अहवालात अशा लेखी आराखड्याचा विचार मांडला होता आणि योग्य तिथे आईवडिलांना संयुक्त ताबा देण्याची तरतूद कायद्यात करावी, असंही सुचवलं होतं. तशी दुरुस्ती झालेली नाही. पण संमतीच्या अटींत किंवा कलम २६ च्या अर्जात असा आराखडा जोडायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. त्यात काय असावं, ते आता एकेक करून सांगते.

आराखड्यात काय लिहायचं

पहिलं, भेटीचा वार आणि घड्याळ. 'अधूनमधून', 'शक्यतो', 'सोयीनुसार' हे तीन शब्द मसुद्यात दिसले की लाल पेन काढा. त्या मुलाच्या आराखड्यात आम्ही लिहिलं: महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की वडिलांनी शाळेतून न्यावं, रविवारी संध्याकाळी ६ वाजता मामाच्या दुकानाशी आणून सोडावं. यात आईबापांची समोरासमोर गाठच पडत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. सुरुवातीचं एक वर्ष तरी हे फार उपयोगी पडतं. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी रात्री ८ पर्यंत फोनवर संदेश. न कळवता अर्धा तास उशीर झाला तर त्या दिवशीची भेट रद्द आणि तिची बदली नाही. मूल आजारी पडल्यामुळे भेट रद्द झाली तर पुढच्या शनिवारी बदली.

मुलाच्या वयाप्रमाणे हे बदलेल. अंगावर पिणाऱ्या मुलाला दोन दिवस आईपासून लांब नेण्यात कसलं हित? तिथे आठवड्यातून दोन-तीनदा तास-दोन तास, आई किंवा आजी जवळपास असताना, अशी भेट ठेवावी. तान्ह्या मुलाला माणूस लक्षात राहायला भेटी छोट्या पण वरचेवर लागतात. शाळेत जाणारं मूल मुक्कामाला राहू शकतं. चौदा-पंधराच्या पुढे मुलाचं म्हणणं ऐकल्याशिवाय काहीही ठरवू नये. जाणतं झालेलं मूल काय म्हणतं, हे विचारात घेता येतं, अशी तरतूद १८९० सालच्या कायद्यातही आहे.

दुसरं, सण आणि सुट्ट्या. मैत्रिणींनो, माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त भांडणं गणपती आणि दिवाळी या दोनच वेळी होतात. म्हणून हे आधीच लिहून टाकायचं. या मुलाच्या वडिलांच्या कोकणातल्या घरी गणपती बसतो. आम्ही गणपतीचे पाच दिवस दरवर्षी वडिलांकडे दिले. तिला ते जड गेलं. पण बदल्यात लक्ष्मीपूजन ते भाऊबीज दरवर्षी तिच्याकडे राहिलं. काही कुटुंबांत सम-विषम वर्षं ठरवतात: यंदा दिवाळी इथे, पुढच्या वर्षी तिथे. ईद असो, नाताळ असो, आंबेडकर जयंती असो, ज्या घरात जो दिवस मोठा, तो नावाने लिहा. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी करताना शाळा सुरू होण्याआधीचा आठवडा मुलाच्या कायमच्या घरी ठेवा. वह्यांना कव्हरं घालायची असतात, गणवेश आणायचा असतो आणि ते काम कुणाच्या वाट्याला येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तिसरं, फोन. बाप नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात किंवा आखातात असेल तर भेट वर्षातून एकदाच होते. सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू यांच्या खटल्यात २०२० साली म्हटलं, की ज्या पालकाकडे मूल राहत नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं तरी मुलाशी बोलता यावं. व्हिडिओ कॉलचाही उल्लेख त्या निकालात आहे. हेही वेळ लिहून ठरवा: रात्री ८ ते ८.१५. फोन मुलाच्या हातात द्यायचा, स्पीकर लावून शेजारी बसायचं नाही. आणि पलीकडच्याने 'आई कुठे गेली होती, घरी कोण आलं होतं' अशी चौकशी करायची नाही.

चौथं, शाळा आणि दवाखाना. शाळेच्या दाखल्यावर काय नाव लागेल, पालकसभेला कोण जाईल, प्रगतिपुस्तकाची प्रत दुसऱ्याला मिळेल का, शाळा बदलायची असेल तर कुणाला विचारायचं, हे सगळं लिहा. रोजचे निर्णय ज्याच्याकडे मूल राहतं त्याचे. शाळा बदलणं, मोठी शस्त्रक्रिया, परगावी कायमचं नेणं हे दोघांना कळवून. तातडीच्या आजारात मात्र जो जवळ आहे त्याने आधी दवाखाना गाठायचा आणि मग फोन करायचा. सहीसाठी वाट पाहत बसायचं नाही.

पाचवं, पैसा. इथे आपल्या बायका सगळ्यांत जास्त फसतात. "मूल तुला देतो, पोटगी सोड" हा सौदा तुम्ही प्रत्येकीने ऐकलेला आहे. बाई मुलासाठी काहीही सोडायला तयार होते, हे समोरच्याला माहीत असतं. पण मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. आईने सोडते म्हटलं म्हणून तो संपत नाही. १९५६ सालच्या दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे मुलाच्या पोषणाची जबाबदारी बापावर आणि आईवर, दोघांवर आहे. पूर्वीच्या फौजदारी संहितेचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. १ जुलै २०२४ पासून ती लागू आहे. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० सालच्या निकालापासून पोटगीच्या अर्जात दोन्ही बाजूंना मिळकतीचं आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. ते मागून घ्या. आराखड्यात रक्कम, तारीख, बँक खातं आणि दरवर्षीची वाढ लिहा. फी, पुस्तकं, दवाखाना यांचा वाटा मिळकतीच्या प्रमाणात वेगळा लिहा.

आणि एक वाक्य नक्की घाला: भेट आणि पोटगी एकमेकांवर अवलंबून नाहीत. त्याने पैसे थकवले तर वसुलीचा अर्ज करा, पण मुलाची भेट थांबवू नका. तिने भेट चुकवली म्हणून त्यालाही पैसे थांबवता येणार नाहीत. मूल ही कुणाच्या थकबाकीची तारण वस्तू नाही.

सहावं, कागदपत्रं. यावर कुणीच बोलत नाही. जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे जात पडताळणीसाठी बापाकडचे जुने कागद मागितले जातात. आजोबांचा शाळेचा दाखला, चुलत्याचं प्रमाणपत्र. घटस्फोटानंतर सात-आठ वर्षांनी मुलगी कॉलेजात प्रवेश घ्यायला जाते आणि तिथे अडते, कारण बाप कागद देत नाही. आंतरजातीय लग्न असेल आणि मूल आईच्या समाजात वाढलं असेल तर आईची जातही विचारात घेता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटलं आहे. पण ते सिद्ध करण्याची पायपीट मोठी आहे. म्हणून घटस्फोटाच्या वेळीच या कागदांच्या साक्षांकित प्रती घ्या. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड यांच्या मूळ प्रती कुणाकडे राहतील, हेही लिहा. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण त्याआधी जन्मलेल्या मुलांच्या आया आजही खिडकी-खिडकीवर उभ्या आहेत.

सातवं, वागणूक. मुलासमोर दुसऱ्याला शिव्या द्यायच्या नाहीत. मुलाच्या हाती निरोप पाठवायचे नाहीत: 'तुझ्या बापाला सांग पैसे पाठव', 'तुझ्या आईला सांग सही कर'. मूल म्हणजे पोस्टमन नव्हे. आजी-आजोबांना भेटू द्यायचं. दोघांपैकी कुणी पुन्हा लग्न केलं तर मुलाला ते आईने किंवा बापाने स्वतः सांगायचं, शेजारणीकडून कळू द्यायचं नाही. आणि बाईने पुन्हा लग्न केलं एवढ्यावरून तिचा ताबा जातो, असं १९५६ च्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. या भीतीने किती जणी आयुष्यभर एकट्या राहतात, ते आपण पाहतो.

आठवं, मतभेद झाला तर काय. आधी दोघांना मान्य असलेला मध्यस्थ, मग समुपदेशक, मग कोर्ट. आणि दर दोन वर्षांनी आराखडा पुन्हा वाचायचा.

हा कागद नोटरीकडे स्टॅम्प पेपरवर करून घरात ठेवू नका. त्याला कोर्टाच्या आदेशाचं बळ नसतं. कुटुंब न्यायालय असेल तिथे विवाह समुपदेशकापुढे बसा. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने तडजोडीचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कर्तव्यच ठरवलं आहे. कुटुंब न्यायालय नसलेल्या ठिकाणी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात संमतीच्या अटी म्हणून दाखल करा. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

जिथे मारहाण आहे तिथे

आता सगळ्यांत महत्त्वाचं. मी आत्तापर्यंत जे सांगितलं ते ज्या घरात हिंसा नव्हती त्या घराबद्दल. जिथे बाईला मारहाण झाली आहे, मुलासमोर झाली आहे, किंवा मुलालाच झाली आहे, तिथे 'दोघांनी समजुतीने बसा' असं आपण म्हणायचं नाही. मारणाऱ्याच्या समोर बसलेली बाई समजुतीने काही ठरवत नसते. ती जीव वाचवत असते.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचं कलम २१ अशा वेळी वापरा. मुलाचा तात्पुरता ताबा आईला मिळतो आणि बापाची भेट मुलाला अपायकारक ठरेल असं वाटलं तर दंडाधिकारी ती नाकारू शकतात. भेट द्यायचीच असेल तर देखरेखीखाली द्यावी. मुंबई-पुण्यासारख्या कुटुंब न्यायालयांत मुलांसाठी खेळणी ठेवलेली खोली असते, तिथे. आईचा नवा पत्ता आदेशात येऊ देऊ नका. मुलाला सोडण्या-आणण्याचं काम तिसऱ्या माणसाने करावं. एका केसमध्ये मुलाला सोडायला आलेल्या नवऱ्याने दारातच बायकोचा हात पिरगळला होता. भेट मुलाची आणि मार आईला! असा आराखडा फाडून टाकावा.

एक आक्षेप

शेवटी एका प्रश्नाला तोंड देते. गेल्या शिबिरात एका ज्येष्ठ मैत्रिणीने मला विचारलं, "आयुष्यभर ज्याने लंगोट बदलला नाही, त्याला आता घटस्फोटानंतर वाटा कशाला? हा पुरुषांच्या संघटनांचाच मुद्दा तू आपल्या व्यासपीठावर आणतेस." त्यांचा राग मला समजतो. पोटगी टाळण्यासाठी ताब्याचा अर्ज टाकणारे नवरे मीही पाहिले आहेत. ताबा मिळाला की तेच मूल आजीच्या पदरात टाकून मोकळे होणारेही पाहिले आहेत.

पण आपण पथनाट्यांत, पोस्टरांवर काय मागत आलो? पुरुषाने मूल सांभाळावं, हेच ना? मग जो सांभाळायला तयार आहे त्याला आपण दार लावायचं आणि जो तयार नाही त्याला मोकळं सोडायचं, हे बरोबर नाही. आराखडा हा बापाला दिलेला हक्क नाही, त्याच्यावर टाकलेलं काम आहे. त्यात खाऊ आणि खेळण्यांचा रविवार नको. गृहपाठ, लसीची तारीख, डोक्यातल्या उवा, दाताचा डॉक्टर हे लिहा. 'भेटीच्या दोन दिवसांत शाळेचा अभ्यास वडिलांनी घ्यावा' असं वाक्य आम्ही त्या आराखड्यात घातलं, तेव्हा वडील चमकले. तिला मात्र पहिल्यांदा हसू आलं.

आणि यात बाईचं हित नाही असं कुणी सांगितलं? महिन्यातले चार दिवस तिला स्वतःचे मिळाले. त्या शिक्षिकेने त्या शनिवार-रविवारांत अभ्यास करून डी.एड. पूर्ण केलं. मूल सोडून आई अभ्यास करते, म्हणून तिच्या माहेरच्यांनी नावं ठेवली. ठेवोत बापडे.

आराखडा केल्यावर सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. पहिल्या वर्षात वडील पाच वेळा आले नाहीत. पण आता मूल रात्री नऊपर्यंत खिडकीत बसत नव्हतं. अर्धा तास झाला की आई त्याला घेऊन बागेत जायची. त्याच्या घरातल्या कालनिर्णयावर तिने पप्पांच्या दिवसांभोवती निळं वर्तुळ आणि आईच्या सणांभोवती लाल वर्तुळ काढून दिलं होतं. पुढच्या वर्षीपासून तो स्वतःच काढायला लागला. अंथरुण ओलं करणं हळूहळू थांबलं.

आता तो हायस्कूलमध्ये आहे. मध्यंतरी आईला घेऊन केंद्रात आला आणि मला म्हणाला, "मॅडम, शनिवारी माझी क्रिकेटची प्रॅक्टिस असते. तो कागद बदलायचाय." मग त्याचे वडील आले आणि आम्ही चौघं बसलो. या वेळी त्याच्या बाजूने तोच बोलत होता. अर्ध्या तासात काम झालं.

मैत्रिणींनो, तुमच्या केंद्रात परत गेल्यावर एकच करा. संमतीच्या घटस्फोटाच्या ज्या फायली चालू आहेत त्या काढा आणि त्यात मुलाबद्दल किती ओळी आहेत ते मोजा. एकच ओळ असेल तर सही होण्याआधी ती फाइल बाजूला ठेवा आणि त्या बाईला बोलावून घ्या. डब्यांची यादी नंतर करता येईल.

एवढं सांगून मी थांबते.